ऊन लागून

"बाई, म्हातारी कसंतरीच कराया लागलीया. लवकर चला!" छबूबाई दवाखान्याच्या दारात धापा टाकत म्हणाली, आणि दमयंतीबाईंनी हातातला कापूस तसाच खाली ठेवला.

दुपारचे तीन वाजले होते. १९४६ सालचा मे महिना. नगर जिल्ह्यातलं कासारपेठ हे तेव्हा वीसेक हजार वस्तीचं शहर. रेल्वे स्टेशन, कापसाच्या दोन जिनिंग गिरण्या, मोठा आडत बाजार आणि नगरपालिकेचा एक दवाखाना. त्या दवाखान्यात दमयंती कुकाणेकर बारा वर्षं नर्स होत्या. नवरा गेल्यावर सासरच्यांनी त्यांना परत माहेरी धाडलं, तेव्हा माहेरीही न थांबता त्यांनी पुण्याला जाऊन हे शिक्षण घेतलं होतं. शहरातली निम्मी लहान पोरं त्यांच्याच हातांवर जन्मलेली, त्यामुळे रस्त्यात भेटेल ती बाई त्यांना थांबवून घरचं काहीबाही सांगायचीच. त्या दिवशी मात्र स्टेशनापर्यंतच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फुफाटा चपलेच्या तळातून चटके देत होता. छबूबाई अनवाणी होती. ती या सावलीतून त्या सावलीत पळत पुढे जायची आणि मागे वळून दमयंतीबाईंची वाट बघायची.

स्टेशनामागे पत्र्याची चाळ होती. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेले पत्रे गोरक्षशेठ नावाच्या आडत्याने आणले आणि चार महिन्यांत चाळीस खोल्या उभ्या केल्या. छपराला पत्रा, भिंतींना पत्रा, दारालाही पत्राच. कर्जत-जामखेडकडून पोटासाठी आलेले हमाल आणि जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बाया तिथे राहत. छबूबाईचा नवरा बन्सी मालधक्क्यावर पोती वाहायचा. त्याची आई साळूबाई दिवसभर खोलीत एकटी असायची.

दमयंतीबाई खोलीत शिरल्या तेव्हा तव्यावरून येते तशी आच अंगावर आली. साळूबाई गोधडीवर पडली होती. डोळे अर्धवट उघडे, ओठ हलत होते, पण शब्दाला शब्द लागत नव्हता. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतकं गरम, आणि घामाचा थेंब नाही. त्यांनी काखेत थर्मामीटर धरलं. पारा चढत चढत एकशे दहापर्यंत गेला. त्याच्या पुढे काचेवर आकडाच नव्हता.

"पाणी आण. कळशीभर नाही, हंडेच्या हंडे आण," दमयंतीबाई म्हणाल्या.

"पानी कुठून आनू बाई? हिरीला कुलूप हाय."

दमयंतीबाईंना आठवलं. चाळीच्या विहिरीवर चार दिवसांपूर्वी फळ्या ठोकून साखळी घातली होती. वर पाटी लावली होती: पटकीचा (कॉलऱ्याचा) संशय, पाणी घेऊ नये. त्याऐवजी नगरपालिकेची टाकीची बैलगाडी सकाळी येऊन घरटी दोन हंडे देऊन जायची. साळूबाईच्या घरचे दोन हंडे सकाळीच संपले होते.

छबूबाईने शेजारपाजारून मागून आणलेलं पाणी जेमतेम अर्धी बादली भरलं. त्यात लुगड्याचा पदर बुडवून दमयंतीबाईंनी म्हातारीचं अंग पुसायला घेतलं. पदर अंगावरून फिरेपर्यंत वाळत होता. साडेचारला साळूबाईने दोनदा मोठा श्वास घेतला आणि ती गेली.

छबूबाईने भिंतीच्या पत्र्याला डोकं टेकलं आणि लगेच मागे घेतलं. पत्रा भाजत होता.

"जुलाब झाले होते का तिला?" थोड्या वेळाने दमयंतीबाईंनी विचारलं.

"न्हाई बाई. एकडाव बी न्हाई."

"उलटी?"

"काय खाल्लंच न्हाई तं उलटी कशाची हुनार?"

दमयंतीबाईंनी हे ऐकून घेतलं. त्या तिथून उठल्या त्या थेट डॉक्टर सुमंतांच्या खोलीवर गेल्या.

डॉक्टर सुमंत नगरपालिकेचे आरोग्य अधिकारी होते. पन्नाशीचा, कमी बोलणारा, कामाला वाघ असा माणूस. आठ वर्षांपूर्वी एका जत्रेच्या गावी त्यांना पटकीचा संशय आला होता, पण खात्री होईपर्यंत थांबावं म्हणून त्यांनी पुण्याहून अहवाल येण्याची वाट पाहिली. त्या आठ दिवसांत गावची विहीर चालूच राहिली आणि त्यानंतरच्या आठवड्यात नव्वद माणसं गेली. तेव्हापासून ते कशाचीही वाट पाहायला तयार नसत. या खेपेला धक्क्यावरचा एक हमाल पोटऱ्यांत गोळे येऊन, एकदा उलटी करून दोन तासांत मेला, तेव्हा त्यांनी त्याच संध्याकाळी आसपासच्या पाच विहिरी बंद केल्या आणि पाण्याचा नमुना पुण्याला धाडला.

"डॉक्टरसाहेब, ही पटकी नाही. माणसं उन्हाने मरताहेत," दमयंतीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान वर केली. "कुकाणेकरबाई, ऊन दरवर्षीच असतं."

"दरवर्षी पत्र्याची चाळ नव्हती. आणि विहिरीला कुलूपही नव्हतं."

"पटकीत गोळे येतात, डोळे खोल जातात, माणूस दोन-चार तासांत जातो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही एका म्हातारीवरून निदान करू नका. अहवाल येईपर्यंत एकही विहीर उघडणार नाही."

"अहवाल कधी येईल?"

"आठ-दहा दिवस."

"आज सावलीतसुद्धा हवेचा पारा एकशे बारावर होता, साहेब. दहा दिवसांत किती जातील?"

"माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही कुलूपच लावलं असतं," डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा कागदांत बघायला लागले. मग मान न उचलताच म्हणाले, "पुरावा आणा. एक म्हातारी म्हणजे पुरावा नव्हे."

दमयंतीबाईंना राग आला होता, पण पुरावा मागणं काही चूक नव्हतं. घरी जाताना त्या एवढाच विचार करत होत्या की पुरावा कुठे मिळेल.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच त्या शामकांतच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. शामकांत जन्म-मृत्यूच्या नोंदीचा कारकून. चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिला दोरा बांधलेला. वरिष्ठाच्या नुसत्या चाहुलीनेही उभा राहणारा माणूस.

"शामकांतराव, या महिन्यातली मृत्यूची नोंद दाखवा. आणि गेल्या वर्षीच्या मेमधलीसुद्धा."

"ताई, ते बाहेरच्याला दाखवायचं नसतं."

"मी बाहेरची आहे का? दवाखान्याची आहे."

शामकांतने इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही पुस्तकं समोर सरकवली. दमयंतीबाई मोजायला बसल्या. गेल्या वर्षी मेच्या पहिल्या पंधरा दिवसांत सोळा माणसं गेली होती. या वर्षी त्याच पंधरा दिवसांत त्रेचाळीस. कारणाच्या रकान्यात नऊ जणांपुढे 'पटकी?' असं प्रश्नचिन्ह घालून लिहिलं होतं. बाकी जवळजवळ सगळीकडे एकच शब्द होता, ताप.

"हे सगळे तापाने गेले?"

"घरचे सांगतील ते मी लिहितो, ताई. अंग तापलं होतं म्हणाले की ताप. छापील रकान्यांत ऊन असं कारणच नाहीये." शामकांतने आवाज उतरवला. "पण मलाही वाटलं होतं. एकाच दिवसात सहा जणांची नावं लिहिली तेव्हा हात थांबला होता माझा."

"मग कुणाला बोललात का नाही?"

त्याने चष्म्याचा दोरा घट्ट केला. दमयंतीबाईंनीही फार ताणलं नाही. त्यांनी त्याच्याकडून कोरे कागद मागून घेतले आणि त्रेचाळीस नावं पत्त्यांसह उतरवून काढली.

त्यानंतरचे तीन दिवस त्या सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर घरोघर हिंडल्या. दुखवट्याच्या घरी जाऊन असली चौकशी करायची म्हणजे जिभेवर शब्द येत नाहीत. कुणी दार लावून घेतलं. एका घरी म्हातारा म्हणाला, "गेलेला मानूस इचारल्यानं परत येनार हाय का?" दमयंतीबाई म्हणाल्या, "नाही. पण शेजारचा वाचेल." मग म्हाताऱ्याने त्यांना बसायला पोतं टाकलं. प्रत्येक घरी त्या तेवढेच तीन प्रश्न विचारत: माणूस पडला तो किती वाजता, तेव्हा तो कुठे होता, आणि जुलाब झाले होते का.

गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत छत्तीस घरं झाली. त्यांतली एकोणतीस माणसं दुपारी बारा ते सहाच्या दरम्यान पडली होती. चौदा जण पत्र्याखाली, आठ धक्क्यावर किंवा जिनिंगच्या अंगणात, पाच रेशनच्या रांगेत, दोन शेतातून येताना वाटेवर. जुलाब एकालाही नव्हते. एकाच घरातली दोन माणसं लागोपाठ आजारी पडली असंही कुठे घडलं नव्हतं, आणि पटकी घरात शिरली की एकावर थांबत नाही हे दमयंतीबाईंना ठाऊक होतं. नदीकाठच्या दगडी घरांमध्ये, जिथे आधी त्याच पाच विहिरींचं पाणी जात होतं, एकही मृत्यू झाला नव्हता.

हा कागद घेऊन शुक्रवारी सकाळी त्या डॉक्टरांकडे गेल्या, तर डॉक्टर तालुक्याच्या बैठकीला गेले होते. दुपारी येतील असं कळलं.

दुपारी आधी बन्सी आला.

आईची राख सावडून तो कामावर गेला होता. मालगाडीची वाघीण कापसाच्या गाठींनी भरायची होती. एक वाजता पाठीवर गाठ असतानाच त्याचे पाय वाकले. सोबत्यांनी त्याला हातगाडीवर घालून चाळीत आणलं, आणि छबूबाई पुन्हा तशीच अनवाणी दवाखान्यात धावली.

या वेळी दमयंतीबाई तिच्याही पुढे पळत होत्या.

बन्सीला खोलीबाहेर, कडुनिंबाच्या पातळ सावलीत ठेवलं होतं. तिशीचा धट्टाकट्टा गडी. चेहरा लालभडक, अंग पार कोरडं, दात घट्ट आवळलेले. पारा पुन्हा एकशे दहाला जाऊन टेकला. भोवती हमाल आणि बाया गोळा झाल्या होत्या. सगळे दमयंतीबाईंच्या तोंडाकडे बघत होते.

त्यांनी विहिरीकडे पाहिलं. साखळी, कुलूप आणि ती पाटी. त्या नोकरदार बाई होत्या. दुसरं छप्पर नव्हतं, मागे कुणी नव्हतं. या कुलपाला हात लावला तर काय होईल हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"पहार आहे का कुणाकडे?" त्यांनी विचारलं.

एका हमालाने पहार आणली, पण विहिरीजवळ जाऊन तो थबकला. "बाई, सरकारी कुलूप हाय. आमाला धरून न्हेत्याल."

"आण इकडे."

दमयंतीबाईंनी पदर खोचला, पहार साखळीत घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. साखळी हलली नाही. दुसऱ्यांदा छबूबाईने येऊन पहारेला हात घातला. तिसऱ्यांदा कडी उपसून आली आणि फळी खाली पडली.

"कुणी विचारलं तर नर्सबाईने कुलूप तोडलं म्हणून सांगा. आता पोहरा सोडा. आणि हे पाणी ज्याला प्यायचं असेल त्याने उकळून प्यावं, मला वाद नको. अंगावर ओतायला उकळायची गरज नाही."

मग पाण्याची रांगच लागली. विहिरीतून पोहरा, पोहऱ्यातून हंडा, हंडा बन्सीच्या अंगावर. जिनिंगमधल्या बायांनी गोणपाट आणलं, ते भिजवून त्याच्या छातीवर आणि मांड्यांवर घातलं. दोघी जणी सुपांनी वारा घालत होत्या. दमयंतीबाई त्याच्या डोक्याशी बसून दर पाच मिनिटांनी थर्मामीटर बघत होत्या आणि आकडा मोठ्याने सांगत होत्या. एकशे दहा. अजून एकशे दहा. एकशे नऊ. हात थांबायला लागले की त्या ओरडायच्या, "थांबू नका! अजून ओता!"

आकडा एकशे सहावर आला तेव्हा गर्दी बाजूला झाली आणि डॉक्टर सुमंत समोर उभे राहिले. कुणीतरी कचेरीत वर्दी दिली होती. डोक्यावर टोपी, शर्ट घामाने भिजलेला. त्यांची नजर आधी तुटलेल्या साखळीवर गेली.

"हे कुणी केलं?"

"मी," दमयंतीबाई न उठता म्हणाल्या.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? या पाण्यात पटकी असेल तर उद्या ही सगळी माणसं..."

"साहेब, आधी याला बघा. मग मला काय बोलायचं ते बोला."

 डॉक्टर गुडघ्यावर बसले. त्यांनी बन्सीच्या पोटऱ्या दाबल्या, पोट चाचपलं, पापणी वर करून पाहिली, स्वतःचं थर्मामीटर काढून लावलं. एकशे पाच. त्यांनी छबूबाईला विचारलं, "जुलाब?" तिने मान हलवली. "याच्या आईला?" तिने पुन्हा मान हलवली. डॉक्टरांनी टोपी काढून बाजूला ठेवली, जवळच्या बाईच्या हातातून हंडा घेतला आणि बन्सीच्या डोक्यावर ओतला.

अर्ध्या तासाने बन्सीने डोळे उघडले. अनोळखी नजरेने सगळ्यांकडे पाहत म्हणाला, "आय कुठाय? आयला पानी द्या."

छबूबाई तोंडाला पदर लावून बाजूला गेली.

पारा एकशे एकवर आल्यावर डॉक्टर कडुनिंबाच्या बुंध्याशी टेकून बसले. दमयंतीबाईंनी कमरेचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. तो ओला झाला होता, पण अक्षर लागत होतं. डॉक्टरांनी तो सावकाश वाचला. शेवटाला पोचून पुन्हा वरून वाचला.

"विहिरी बंद केल्यावर यातले किती?" त्यांनी विचारलं.

दमयंतीबाईंना खोटं बोलता आलं असतं. "अकरा. साळूबाई धरून."

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. "त्या गावी मी थांबलो म्हणून नव्वद गेले. इथे थांबलो नाही म्हणून..."

"साहेब, पटकी असती तर तुमचं कुलूपच बरोबर ठरलं असतं," दमयंतीबाई म्हणाल्या. "ते नंतर बोलू. पाऊस यायला अजून तीन आठवडे आहेत. त्यांचं काय करायचं ते आधी ठरवा."

त्या झाडाखालीच त्यांनी ठरवलं. संध्याकाळच्या आत पाचही विहिरींत जंतू मारायचं लाल औषध टाकून त्या उघडायच्या. रेशनचं दुकान दुपारी न उघडता सकाळी सहाला उघडायचं. धक्क्यावरचं काम बारा ते चार बंद. आणि चाळीतल्या, स्टेशनाजवळच्या झोपड्यांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोरांना, बाळंतिणींना दुपारभर बसायला गार जागा हवी होती. मोठी, दगडी भिंतींची, उंच कौलांची एकच जागा शहरात होती. ती म्हणजे शाळा, आणि तिला सुट्टी होती.

विहिरींचं आणि रेशनचं डॉक्टरांच्या सहीने झालं. धक्क्याचं होईना. गोरक्षशेठ म्हणाले, "वाघिणी माझ्यासाठी थांबत नाहीत. ज्यांना ऊन सोसत नाही त्यांनी गावी जावं." दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला हमालांनी खांद्यावरची पोती खाली ठेवली आणि सगळे शेडच्या सावलीत जाऊन बसले. बन्सी अजून अंथरुणावर होता, पण छबूबाई तिथे जाऊन उभी राहिली होती. शेठचा मुनीम ओरडायला लागला तशी ती म्हणाली, "माजी सासू गेली, मालक जाता जाता राह्यला. आता तुमाला कुनाला न्यायचं हाय ते नाव घेऊन सांगा, तो उठंल." मुनीम वही काखेत मारून आत गेला. मग रोज पहाटे चारला काम सुरू व्हायला लागलं, आणि वाघिणी वेळेत भरल्या गेल्या.

शाळेचं सगळ्यांत अवघड गेलं. शाळा समितीचे अध्यक्ष दमयंतीबाईंना ओटीवरच म्हणाले, "बाई, चाळीत सगळ्या जातींची माणसं. ती वर्गांत लोळणार, एका माठाचं पाणी पिणार. उद्या पालक मुलं धाडतील का?"

"म्हणजे नाही म्हणता?"

"मी नाही कुठे म्हणतोय? समितीपुढे विषय ठेवू. पुढच्या महिन्यात बैठक आहे."

"मग मला तसं दोन ओळींत लिहून द्या. अमुक माणसांना शाळेच्या सावलीत बसू द्यायचं नाही असं लिहा आणि सही करा. तो कागद मी दवाखान्याच्या दाराला लावते, म्हणजे माणसं विनाकारण शाळेपर्यंत उन्हात जाणार नाहीत."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं. ही बाई तो कागद खरंच लावील याची त्यांना शंका राहिली नाही. ते आत गेले आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाहेर आले.

रविवारपासून शाळा भरू लागली. पहिल्या दिवशी बाराच माणसं आली, तिसऱ्या दिवशी दोनशेवर गेली. खिडक्यांना ओली गोणपाटं टांगलेली, व्हरांड्यात वाळूत रोवलेले माठ. कुणी माठाजवळ घुटमळलं तर दमयंतीबाई स्वतः तांब्या भरून हातात द्यायच्या. दोन घरची माणसं पहिल्याच दिवशी उठून गेली. त्यांतलं एक घर मंगळवारी मुकाट्याने परत आलं.

ऊन काही हटलं नाही. हवेचा पारा एकशे दहा, एकशे बारा, एकदा एकशे तेराला गेला. तरी पुढच्या पंधरा दिवसांत शहरात एकोणीसच माणसं गेली. त्यांतली पाच उन्हाने. स्टेशनाजवळचा एक आंधळा म्हातारा झोपडी सोडून यायला तयारच झाला नव्हता. दमयंतीबाई दोनदा जाऊन आल्या होत्या. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा उशीर झाला होता. पहिल्याच खेपेला त्याला उचलून आणायला हवं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्या चौघा हमालांना एक खाट घेऊन बरोबर न्यायला लागल्या.

पुण्याचा अहवाल अखेर जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. पाण्यात पटकीचे जंतू नव्हते. डॉक्टरांनी तो वाचून दमयंतीबाईंच्या टेबलावर ठेवला आणि स्वतः शामकांतकडे गेले. दमयंतीबाईही मागोमाग गेल्या.

"या नोंदी दुरुस्त करायच्या आहेत," डॉक्टर म्हणाले.

शामकांत उभा राहिला. "साहेब, छापील कारणांत हे बसत नाही. वरून परत येईल."

"परत आलं तर पुन्हा पाठवा," दमयंतीबाई म्हणाल्या. "ताप लिहिलंत तर पुढच्या वर्षी कुणी काही करणार नाही. तापाला कोण काय करणार? कारण बरोबर लिहिलं, तरच इलाज सुचतो."

 शामकांतने लाल शाईत टाक बुडवला. साळूबाईच्या नावापुढचं 'ताप' खोडून त्याने ठळक अक्षरांत लिहिलं: ऊन लागून. डॉक्टरांनी शेजारी सही केली. एकोणतीस जुन्या आणि पाच नव्या, अशा चौतीस सह्या झाल्या. महिन्याभराने वरून खरंच विचारणा आली. तिचं उत्तर शामकांतने कुणालाही न विचारता स्वतःच लिहिलं, चांगलं तीन पानी, आणि सोबत दमयंतीबाईंच्या तक्त्याची नक्कल जोडली.

कुलूप तोडल्याबद्दल दमयंतीबाईंना नगरपालिकेची नोटीस आली ती आलीच. चौकशीत डॉक्टर सुमंतांनी सांगितलं की कुलूप लावण्याचा हुकूम माझा होता आणि तो चुकीचा होता. सभासदांत बरीच कुजबुज झाली. शेवटी दमयंतीबाईंना ताकीद मिळाली आणि त्यांनी ती सही करून घेतली.

पाऊस पडला, दिवाळी झाली, थंडी सरली. फाल्गुन लागताच दमयंतीबाईंनी गोरक्षशेठची गाठ घेतली. पत्र्यांवर काहीतरी पांघरूण घालायचं होतं. शेठ नाही म्हणाले नाहीत आणि हो म्हणाले नाहीत. तेव्हा चाळीतल्या माणसांनीच उसाच्या पट्ट्यातून सात गाड्या पाचट आणलं. आगीची भीती होती म्हणून डॉक्टरांनी त्यावर चिखलाचा जाड लेप द्यायला सांगितला. माती स्टेशनापलीकडच्या ओढ्यातली. बायांनी ती तुडवली, बन्सी आणि त्याचे सोबती छपरांवर चढले.

पहिल्या चार छपरांचं काम झालं त्या दिवशी दमयंतीबाई दवाखाना आटोपून चाळीत आल्या. बन्सीने वरून विचारलं, "बाई, येवढा थर पुरंल का?"

"खालून काय सांगू? शिडी धर," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून वर चढल्या. लेपात बोट घालून पाहिलं तर ते दुसऱ्या पेरापर्यंतच गेलं.

"अजून चार बोटं घाला. आणि चैत्र लागायच्या आत चाळीसही खोल्या व्हायला हव्यात."

"छत्तीस ऱ्हायल्या की वो बाई अजून! दिस किती हायेत?"

"वीस."

छबूबाईने खालून चिखलाचं घमेलं वर केलं. दमयंतीबाईंनी ते घेतलं आणि बन्सीच्या हातात दिलं.